भिंगरी भिंगापाशी बसते

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव काही का असेना, घरात आणि गल्लीत तिला सगळे भिंगरीच म्हणत. "पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलीय," असं तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि त्यात फारसं वाढवून सांगितलेलं काही नव्हतं. भिंगरी उभ्याने जेवायची, चालता चालता पाठांतर करायची, केस विंचरायला बसवलं तर अर्धी वेणी तशीच हातात धरून पसार व्हायची. शाळेत इतर मुलांना शिक्षा म्हणून उभं करत, हिला शिक्षा म्हणून बसवत.

अशी मुलगी नेमकी बेकरीवाल्यांच्या घरात जन्मली. खाली भट्टी, दुकान, वर राहायच्या खोल्या. बेकरी म्हणजे सगळा वाट बघण्याचा धंदा. पीठ फुगायची वाट बघा, भट्टी तापायची वाट बघा, पाव निवायची वाट बघा. तिच्या थोरल्या भावाला, दादाला, हे उपजतच येत होतं. हाताची घडी घालून तो भट्टीसमोर असा उभा राहायचा की गिऱ्हाइकांना वाटावं, हा झोपलाय. भिंगरीला एकदा बाबांनी केकवर लक्ष ठेवायला बसवलं. तिने इतकं लक्ष ठेवलं, इतक्यांदा भट्टीचं दार उघडून आत डोकावून बघितलं, की केक मधोमध खचला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिला सायकल घेऊन दिली आणि घरोघर पाव पोचवायचं काम दिलं. त्या कामात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नसे.

पुढे ती जीवशास्त्र शिकली. का, तर तिला बघायची हौस होती. डबक्यातलं पाणी, पावावरची बुरशी, पंख फुटलेली मुंगी, काहीही दाखवा. शिकून झाल्यावर नदीपलीकडच्या संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी माणूस हवंय असं कळलं, म्हणून ती मुलाखतीला गेली. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे एक पिकल्या केसांच्या, बुटक्या, मोठ्याने हसणाऱ्या बाई. त्यांना शिपायापासून संचालकापर्यंत सगळे 'बाई'च म्हणत.

"या कामात अंधाऱ्या खोलीत बसून राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "जमेल?"

"बसायचं नाही जमत मला," भिंगरीने खरं ते सांगून टाकलं. "बघायला मात्र फार आवडतं."

बाई हसल्या. "बसायला आवडतं म्हणून इथे आजवर कोणीच आलेलं नाही. ये सोमवारपासून."

ती खोली लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला होती. दार उघडलं की जाड काळा पडदा, पडद्याआड काळ्या रंगाच्या भिंती आणि मधोमध एक अवजड टेबल. टेबलाच्या पायांत हवा भरलेली होती, म्हणजे कोणी शेजारून चाललं तरी वरचा सूक्ष्मदर्शक थरथरू नये. सूक्ष्मदर्शकाभोवती काचेची पेटी होती आणि पेटीत कायम एकसारखी ऊब.

हा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप. साध्या सूक्ष्मदर्शकात खालून दिवा लावतात आणि सगळंच दिसतं, हवं ते आणि नको तेही. इथे मात्र ठरावीक रंगाचा प्रकाश टाकायचा, मग ज्याच्यात चमकणारं काही असेल तेवढंच आपल्या रंगात उजळतं. बाकी सगळा काळोख. बाई ज्या जिवाणूवर काम करत होत्या त्याच्या पातळ आवरणाला एक रंग लावला होता, तो लाल उजळायचा. आणि त्याच्या एका जनुकाला बाईंनी चमकणाऱ्या प्रथिनाची जोड दिली होती. ते जनुक जागं झालं की हिरवा दिवा लागणार.

जिवाणू होता मातीत राहणारा, काडीच्या आकाराचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. खायला असलं की वाढतो, दुभंगतो, पुन्हा वाढतो. खाणं संपलं की मात्र मुकाट्याने मरत नाही. स्वतःच्या पोटात एक टणक बी तयार करतो. त्याला बीजाणू म्हणतात. काडी मरते, बीजाणू राहतो. उकळा, वाळवा, वर्षानुवर्षं धूळ खात पडू द्या, त्याला फिकीर नाही. ओल आणि खाऊ मिळाला की पुन्हा काडी होऊन वाढायला लागतो. हे बी पोटात कसं घडतं, कुठलं जनुक कधी जागं होतं, यात बाईंची उमर गेली होती. त्यांना हवं होतं ते एका काडीचं सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं चित्रीकरण.

भिंगरीने कामाला हात घातला. पारदर्शक जेलीची पातळ वडी करायची, तिच्यावर जिवाणूंचा थेंब सोडायचा, वर काच ठेवायची आणि चित्रं घ्यायची. वड्या तिच्या सुरेख व्हायच्या. थेंब नेमका बसायचा. पहिली चित्रं बघून बाई खूश व्हायच्या. आणि मग थोड्या वेळाने सगळं विझत जायचं. लाल रंग फिका पडायचा, काड्या वाढायच्या थांबायच्या. एकदा झालं, दोनदा झालं, महिना असाच गेला. नव्या वड्या, नवा रंग, नवे जिवाणू, तरी तेच. भिंगरीच्या नाकी नऊ आले.

शेवटी बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "दिवा किती वेळा लावतेस?"

"मधे मधे."

"मधे मधे म्हणजे?"

भिंगरीने मान खाली घातली. "सारखाच."

"हा प्रकाश त्यांना भर उन्हासारखा लागतो गं. रंग उडतो आणि तेही होरपळतात. तुला वाटतं आपण नुसतं बघतोय, पण इथे नुसतं बघणं असं काही नसतं." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बघणं जरा कमी कर आणि वाट बघणं वाढव."

सांगायला सोपं होतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तर तिने करून पाहिलं असतं, पण तिला आतून माहीत होतं की नेमकी हीच गोष्ट आपल्या हातून व्हायची नाही. संध्याकाळी घरी ती तोंड पाडून जिन्यात बसली. दादाची बायको, तिची वहिनी, दुकान बंद करून वर येत होती. वहिनीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा आणि मन त्याहून मोठं होतं. आई-बाबा गेल्यावर या घराला घरपण तिनेच ठेवलं होतं.

"काय झालं? जंतूंनी चावलं का?"

भिंगरीने सगळं सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं काढून बघितलंस तर ते झोपेल का? तू खोलीतच थांबू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आत असलीस की हात जाणारच. दाराला कुलूप लाव आणि किल्ली त्या बाईंकडे दे."

तिने अगदी तसंच केलं. संगणकाला शिकवून ठेवलं की ठरल्या वेळाने डोळा मिचकावल्याएवढा दिवा लावायचा, चित्र घ्यायचं आणि बंद करायचा. दाराला कुलूप घातलं, किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि व्हरांड्यात येरझारा सुरू केल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा त्या टोकापासून या टोकापर्यंत. दारावरचा पहारेकरी बराच वेळ बघत होता.

"मॅडम, काही हरवलंय का?"

"नाही. वाट बघतेय."

"कोणाची?"

"जंतूंची."

त्या दिवसापासून ती व्हरांड्यात दिसली की पहारेकरी आपुलकीने विचारायचा, "आले का पाहुणे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कुलूप काढलं आणि दोघी संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. भिंगरीने चित्रीकरण सुरू केलं.

काळोखात एक लाल काडी. ती लांबली. बरोबर मधे एक भिंत आली आणि एकीच्या दोन झाल्या. दोनाच्या चार, चाराच्या आठ, एकमेकींना ढोसत, ढकलत, दाटीवाटीने सगळी वसाहत पसरली. मग वेग मंदावला. खाणं संपत आलं होतं. आणि एका काडीत भिंत आली ती मधोमध नाही, अगदी एका टोकाला. एक मोठी खोली, एक इवलीशी. पाठोपाठ दुसरीत, तिसरीत. मोठ्या खोलीचं आवरण हळूहळू लहानीच्या भोवती सरकलं आणि तिने लहानीला गिळून पोटात घेतलं. बाई पुढे वाकल्या. त्या इवल्या खोलीत हिरवा ठिपका उजळला. मग शेजारच्या काडीत, मग पार कोपऱ्यातल्या एकीत. सुट्टीच्या दिवशी घरातली माणसं जशी एकेक करून आपापल्या वेळी उठतात, तसे ते दिवे लागत गेले. काही काड्या तशाच राहिल्या, त्यांना उठायचंच नव्हतं. शेवटी बाहेरच्या काड्या फिकट झाल्या, फुटल्या आणि त्यांच्या जागी लहानसे गोलसर बीजाणू एकेकटे पडून राहिले.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "परत लाव."

त्यांनी ते पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. बाहेर व्हरांड्यात चहा गार झाला. दुपारी उठताना भिंगरीच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिला कळेचना हे काय होतंय, कारण एका जागी इतकं बसायची तिची ही पहिलीच वेळ होती.

त्यानंतर तिला त्या कामाचं वेडच लागलं. वर्षामागून वर्षं गेली. बाईंनी एकामागून एक जनुकांना दिवे जोडले आणि भिंगरीने त्यांची चित्रीकरणं केली. घरी कोणी विचारलं तर वहिनी सांगायची, "आमची नणंद अंधारात जंतूंचे सिनेमे काढते." ते ऐकून लोक विषय बदलायचे.

मग एका उन्हाळ्यात बेकरीवर संकट आलं. सकाळी पाव छान निघायचा. सोनेरी, हलका, वासाला गोड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कापला की आतला गाभा पिवळट आणि चिकट, आणि तुकडा मोडायला जावं तर लांबच लांब तार सुटायची. निवृत्त झालेले एक मुख्याध्यापक रोजचे गिऱ्हाईक होते. ते अर्धा पाव परत घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून शांतपणे म्हणाले, "मी पाव मागितला होता. हा डिंक आहे."

वहिनीने पीठवाल्याला फैलावर घेतलं. पीठ बदललं, तरी तार सुटायची ती सुटलीच. मग नळाच्या पाण्यावर संशय, मग यीस्टवर. दादाने भट्टी आणखी तापवली. पाव बाहेरून करपला आणि आतून तसाच चिकट.

जेवताना हाच विषय चालला होता. भिंगरी उभ्यानेच जेवत होती. "वास कसला येतो?" तिने विचारलं.

"कशाचा?" वहिनी म्हणाली.

"त्या चिकट पावाचा."

"फार पिकलेल्या खरबुजासारखा. गोडसर. आधी मला वाटलं, कोणीतरी फळं आणून विसरलंय."

भिंगरीचा घास हातातच राहिला. ती खाली गेली, शिळा पाव फोडला, हुंगला, तार ओढून बघितली. वर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. घरावर संकट आणि ही हसतेय, हे बघून वहिनीने हातातला डाव ताटात ठेवला.

"वहिनी, मला वाटतं मी यांना ओळखते."

दुसऱ्या दिवशी डब्यात पाव घेऊन ती संस्थेत गेली. बाई दारातच भेटल्या. "प्रयोगशाळेत खायच्या वस्तू आणायच्या नाहीत, ठाऊक आहे ना?"

"हा खायचा राहिलेलाच नाही, बाई."

गाभ्याचा चुरा पाण्यात कालवला. ते पाणी चांगलं गरम केलं, म्हणजे साधेसुधे जंतू मरून जावेत आणि चिवट तेवढे उरावेत. मग ते जेलीच्या ताटलीवर पसरलं. ताटलीवर सुरकुतलेल्या वसाहती उगवल्या. त्यातला कणभर घेऊन, लाल रंग लावून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काड्याच होत्या, आणि त्या काड्यांच्या टोकाशी तीच इवली खोली. हिरवा दिवा अर्थातच नव्हता, हे बिचारे रानचे होते. जे बीजाणू पिकले होते ते लाल रंगालासुद्धा आत घेत नव्हते. साधा प्रकाश लावल्यावर मात्र ते मण्यांसारखे चकाकले.

तिने वहिनीला बोलावून घेतलं. वहिनी ठेवणीतली साडी नेसून आली. तिच्यावर पांढरा कोट चढवायला गेले तर तो पुढून बंद होईना. पहारेकऱ्याने अदबीने दार उघडलं. अंधाऱ्या खोलीत वहिनी प्रथमच हळू आवाजात बोलली.

"हे आपल्या पावातले?"

"हो. एरवी हे मातीत असतात, तिथून गव्हावर, गव्हावरून पिठात. थोडेफार सगळीकडेच असतात."

"पण भट्टीत? भट्टीत कसे जगतात?"

"बाहेर कितीही आच लावलीस तरी पावाच्या पोटात उकळत्या पाण्याहून जास्त ताप पोचत नाही. तेवढ्याने या बीजाणूंचं काही वाकडं होत नाही. मग बाहेर उन्हाळा, पाव निवायला वेळ लागतो, आत ऊब, ओल आणि खायला सगळा पाव. ते जागे होतात."

वहिनी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. भिंगरीला वाटलं, आता ही चिडणार. वहिनी म्हणाली, "चिवट आहेत मेले. मला आवडले."

मग कंबर कसून शोध सुरू झाला. भिंगरीने बेकरीत सगळीकडे कापसाचे बोळे फिरवले. पिठाच्या पोत्यावर, टेबलांवर, नळावर, पाव कापायच्या यंत्रावर, आणि बाबांच्या लाकडी काठवटीतही. बाबा तिच्यातच पीठ मळायचे आणि सकाळचं पहिलं पीठ दादा अजून तिच्यातच मळायचा. मग प्रत्येक बोळा जेलीच्या वेगळ्या ताटलीवर फिरवला. बाकीच्या ताटल्यांवर इथे एक, तिथे दोन अशा वसाहती उगवल्या. काठवटीची ताटली काठोकाठ भरली होती. तळाला तडे गेले होते आणि तड्यांत जुनं पीठ बसून राहिलं होतं, कितीही घासलं तरी न निघणारं.

ताटली दादाच्या पुढ्यात ठेवताना भिंगरीच्या जिवावर आलं. दादाने ती उजेडात धरून पाहिली.

"बाबांची काठवट आहे ती," तो म्हणाला.

"हो."

दादा उठला, काठवट अंगणात घेऊन गेला, उकळतं पाणी ओतून घासली, उन्हात ठेवली. मग तिला उपडी करून, खाली चार मजबूत पाय ठोकून, दुकानाच्या दारात ठेवली. सकाळी पहिला पाव निघायच्या आधी जी म्हातारी मंडळी दाराशी ताटकळत उभी असतात, त्यांना बसायला जागा झाली. मुख्याध्यापकांनी तिच्यावर बसून पाहिलं आणि मान डोलावली.

पीठ मळायला स्टीलचं मोठं पातेलं आलं. सगळी बेकरी व्हिनेगरने पुसून काढली. दादा भिंती घासत होता, वहिनी टेबलं, आणि भिंगरी बादल्या घेऊन वर-खाली पळत होती. आंबूस वासाने तिघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि वहिनी प्रत्येक कोपऱ्यात फडकं मारताना जंतूंना उद्देशून असं काही बोलत होती की दादाला, आयुष्यात क्वचित हसणाऱ्या दादाला, हसून हसून खाली बसावं लागलं. पिठातही थोडं व्हिनेगर घालायचं ठरलं, कारण आंबटपणात या मंडळींची वाढ खुंटते. पाव निवायला जाळीवर पंख्यासमोर ठेवायचे ठरले.

नव्या पिठाचा एक पाव मुद्दाम दोन दिवस तसाच ठेवला. मग दादाने तो हाताने फोडला. तार नाही. हुंगला. तोंडात टाकून सावकाश चावला.

"बरा आहे," तो म्हणाला.

दादाच्या तोंडी 'बरा' म्हणजे इतरांच्या तोंडचं अप्रतिम. वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने उरलेला सगळा पाव तिथल्या तिथे वाटून टाकला.

प्रयोगशाळेत मात्र त्या पावातल्या जिवाणूची चांगलीच बडदास्त ठेवली गेली. बाईंना तो भलताच आवडला, कारण त्यांच्या नेहमीच्या जिवाणूपेक्षा तो लवकर बीजाणू करायचा. त्यांनी त्याच्याही जनुकाला हिरवा दिवा जोडला. कुपीवर काहीतरी नाव लिहायला हवं होतं. भिंगरीने 'वहिनी' असं लिहिलं. हे वहिनीला कळलं तेव्हा ती दिवसभर फुगून बसली आणि संध्याकाळी तिने विचारलं, "नाव मोठ्या अक्षरात लिहिलंयस ना?"

वर्षातून एकदा संस्थेची दारं सगळ्यांसाठी उघडत. त्या वर्षी बाईंनी ठरवलं की या 'वहिनी'चं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवायचं. खरी वहिनी टोपलीभर पाव घेऊन हजर झाली. पाव व्हरांड्यात ठेवायला लावले, नियम म्हणजे नियम. माणसं रांगेने अंधाऱ्या खोलीत यायची आणि भिंगरी समजावून सांगायची. दुपारी तिचा घसा बसला. पाणी प्यायला बाहेर जाऊन आली तर आत वहिनीचा आवाज.

"आता हे बघा, हिची उपासमार सुरू झालीय. म्हणून ती टोकाला एक खोली काढते. लहान मुलाची खोली समजा. आता तिने दार लावून घेतलं. आता पोटात दिवा लावेल. रॉकेलचा नाही हो, तो आमच्या बाईंनी लावून दिलाय."

बाई मागच्या खुर्चीत बसून खुदुखुदू हसत होत्या. भिंगरीने एक-दोन ठिकाणी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटत नव्हता, आणि लोक तर जागचे हलत नव्हते. पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उजळला की खोलीत "तो बघा, तिकडे आणखी एक" अशी कुजबुज उठायची. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते आणि दर ठिपक्याला बोट दाखवत होते.

पहारेकरी दारावरच्या काळ्या पडद्याआडून डोकावला. "मॅडम, बाहेरची रांग वाढलीय. यांना आता सोडा."

"थांबा जरा," वहिनी त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "त्या कोपऱ्यातलीचं बी अजून बाहेर पडायचंय."

पहारेकरी आत आला, पडदा नीट लावून घेतला आणि भिंगरीच्या शेजारी उभा राहून तोही बघू लागला.